सातव्या ओळीचं शेपूट

डेल हेकिनेनने सातवी ओळ पुसली आणि रेइनो लाहती मेला.

झालं. गोष्ट संपली.

आता असं समजा, की हे घडलंच नाही. मी म्हणतोय म्हणून नव्हे. लाँगशोर काउंटीच्या रस्ते मंडळाने तसा ठराव केलाय, पाच विरुद्ध शून्य मतांनी. ठरावाची प्रत कचेरीत कॉफीच्या यंत्राच्या वर डकवलेली आहे, 'आपापले कप धुवा'च्या शेजारी. त्या दिवशी पडद्यावर कोणताही संदेश नव्हता, कुणी काही पुसलं नाही, आणि सातवी ओळ नावाची वस्तू अस्तित्वात नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

तरीही ही गोष्ट खरी आहे.

डेल माझ्या बायकोचा मामा. खोटं बोलायला जी कल्पनाशक्ती लागते, ती त्याच्याकडे नाही. हवाईला पंधरा दिवस राहून आला तेव्हा आम्ही विचारलं, कसं होतं? म्हणाला, "गरम." असा माणूस भूत कुठून रचणार?

भुताच्या गोष्टीला अमावास्या लागते, मध्यरात्र लागते. त्याबद्दल माफी असावी. ही गोष्ट मंगळवारी घडली. २० जानेवारी १९८७. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात. मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, बर्फ उपसणाऱ्या गाड्यांच्या कचेरीत. हवेत वास होता तो गरम होणाऱ्या पास्टीचा. मटण-बटाट्याची ती जाड करंजी आमच्याकडे लग्नात, मयताला आणि मंगळवारी खातात.

काउंटीकडे तेव्हा बारा गाड्या होत्या. टेकड्यांमागून रेडिओवर बोललेलं कचेरीत पोचायचं नाही, पण अक्षरं पोचायची. म्हणून प्रत्येक गाडीत एक डबा बसवला होता. त्याला छोटा कीबोर्ड. ड्रायव्हरने लिहायचं, ते कचेरीतल्या पडद्यावर उमटायचं. काळी काच, हिरवी अक्षरं, चोवीस ओळी.

ही सगळी करामत डेलची. वय सत्तावीस. काउंटीचा एकुलता एक कॉम्प्युटरवाला. त्याला स्वतंत्र खोली दिली होती. तिथे आधी झाडू ठेवायचे. झाडू अजूनही तिथेच होते.

पडद्यासमोर व्हर्ना टोलोनेन बसायची. तीस वर्षं गाड्या हाकत होती, खुर्चीत बसून. सुरुवातीला पडदा सरकायचा. खाली नवी ओळ आली की जुन्या वर ढकलल्या जायच्या आणि वरच्या काठावरून नाहीशा व्हायच्या. व्हर्नाने तक्रार केली, "डेल, मी चष्मा शोधेपर्यंत तीन गाड्या छतातून निघून जातात."

तेव्हा डेलने प्रत्येक गाडीला तिची हक्काची ओळ दिली. एक नंबरला पहिली, सात नंबरला सातवी.

कर्सर म्हणजे पडद्यावरचा तो लुकलुकणारा चौकोन. तो जिथे उभा, तिथे पुढचं अक्षर उमटणार. डेलचा प्रोग्रॅम त्याला हुकूम सोडायचा: जा सातव्या ओळीत, पहिल्या घरात, लिही. आता जा आठवीत. काही सरकत नाही, काही ढकललं जात नाही. जुन्यावर नवं बसतं. शिवाय ड्रायव्हरला त्रास नको, म्हणून इंजिन चालू असेल तर गाडीच दर दहा मिनिटांनी स्वतःहून कळवायची: 'ठीक'.

आधी सगळे संदेश कागदावरही छापले जायचे. आता पडदाच इतका नीटनेटका झाला, की डेलने छापणं बंद केलं. वर्षाला एकोणीस खोकी कागद वाचला. मंडळाने खूश होऊन त्याला एक पेन दिलं, नाव कोरलेलं. ते पेन लक्षात ठेवा.

एकच खोट राहिली होती. लांब ओळीवर आखूड ओळ बसली, की लांब ओळीचा उरलेला भाग तसाच मागे राहायचा.

बाकीचे अकरा ड्रायव्हर 'ठीक'खेरीज काही लिहीत नसत, त्यामुळे त्यांचं काही उरायचं नाही. सात नंबरवर रेइनो होता. एकसष्ट वर्षांचा, शेवटचा हिवाळा, एप्रिलमध्ये निवृत्ती. जाडजूड हातमोज्यातून एका बोटाने तो पत्रं लिहायचा.

'व्हर्ना, पुलाजवळ हरीण उभं आहे. माझ्याकडे बघतंय. मीही बघतोय.'

दहा मिनिटांनी गाडी आपली इमानदारीत 'ठीक' म्हणायची, आणि पडद्यावर दिसायचं: 'ठीक, पुलाजवळ हरीण उभं आहे. माझ्याकडे बघतंय. मीही बघतोय.' तासाभरानेही तेच. हरीण घरी जाऊन जेवून झोपलेलं असायचं. पडद्यावर ते बघतच असायचं.

व्हर्नाला हे आवडायचं. डेलच्या मात्र डोळ्यांत सलायचं. ड्रायव्हरांनी त्या उरलेल्या मजकुराला नाव पाडलं, 'रेइनोचं शेपूट'. रेइनो स्वतः सकाळी कॉफीला यायचा तेव्हा डेलच्या खांद्यावर हात टाकून म्हणायचा, "प्रोफेसर, माझं शेपूट दिसतं म्हणे सगळ्यांना? आईलीला बोलू नकोस. चौतीस वर्षं झाली लग्नाला, तिला अजून पत्ता नाही."

सगळे हसायचे. डेल हसायचा नाही.

त्या मंगळवारी त्याने इलाज केला. फक्त एक जास्तीचा हुकूम: 'ठीक' लिही, आणि तिथून ओळीच्या शेवटापर्यंत सगळं पुसून टाक. सकाळी रेइनो निघताना डेल त्याच्या गाडीच्या पायरीवर चढला आणि म्हणाला, "आज दोनच्या सुमाराला काहीतरी लांबलचक लिही. मला पुसून बघायचंय."

रेइनो म्हणाला, "काय लिहू?"

"काहीही. मी वाचणार नाहीये."

हे तो म्हणाला. नेमकं हेच.

दोन वाजून पाच मिनिटांनी व्हर्ना उठली. पास्टी गरम करून आणते म्हणाली, आठ मिनिटं लागतील. "बघशील ना पडद्याकडे?"

"बघतो," डेल म्हणाला.

आणि तो बघत होता. खोटं नाही.

भिंतीवर मोठं घड्याळ होतं, सेकंदकाट्याचं.

दोन वाजून नऊ मिनिटं, छप्पन्न सेकंद...

सातवी ओळ भरली. डावीकडून उजवीकडे, काठोकाठ. लांबलचक.

परीक्षक उत्तर न वाचता नुसती पानं मोजतो, तसा डेल त्या ओळीच्या उजव्या टोकाकडे बघत राहिला.

एक. दोन. तीन. चार.

दोन वाजून दहा मिनिटं. इंजिन चालू होतं. गाडीने इमानदारीत कळवलं: 'ठीक'.

बाकीची सगळी ओळ पुसली गेली. इतकी स्वच्छ, की तिथे कधी काही होतं असं वाटू नये.

"वा," डेल म्हणाला.

व्हर्ना दोन पास्ट्या घेऊन आली. तिने विचारलं, काही? डेल म्हणाला, काही नाही. मग त्याने पास्टी खाल्ली. सगळी. कडेचा जाड काठसुद्धा.

रेइनो सापडला साडेपाचला, अंधार पडल्यावर. किनाऱ्याच्या रस्त्यावर गाडी कडेला घसरून खड्ड्यात कलली होती. खिडकीची काच फुटलेली. त्याचा पाय स्टीअरिंगच्या दांड्याखाली अडकलेला. गाडी आणखी कलली तेव्हा डबा हातातून निसटून पलीकडच्या दाराशी घसरला असावा, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर. इंजिन चालूच होतं. दोन दहापासून साडेपाचपर्यंत गाडीने एकवीस वेळा 'ठीक' कळवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, अपघात दोनच्या सुमाराचा, साडेतीनपर्यंत तरी जिवंत असावा.

कचेरीपासून ती जागा बावीस मिनिटांवर आहे.

मंडळाने चौकशी केली. अध्यक्षांनी डेलला एकच प्रश्न विचारला: आपद्ग्रस्त चालकाचा संदेश पडद्यावर होता का?

डेलने ओठ ओले केले. त्याला ती ओळ आठवली. पण काय लिहिलं होतं ते आठवेना, कारण वाचलंच नव्हतं. कदाचित ती चाचणीच असेल. कदाचित रेइनोने हरणाबद्दल लिहिलं असेल. माहीत नसलेल्या गोष्टीची शपथ घेऊन साक्ष कशी द्यायची? आणि तसं बघितलं तर व्हर्ना परत आली तेव्हा, किंवा नंतर कुणीही बघितलं तेव्हा, पडद्यावर...

"पडद्यावर नव्हता," तो म्हणाला.

जबानीवर सही केली. पेन तेच.

मंडळाने निष्कर्ष काढला की चालकाने नियमानुसार संदेश दिला नाही, सबब दोष चालकाचा.

दफनानंतर चर्चच्या तळघरात मयताची कॉफी होती. आईली लाहतीने वेलचीचा पाव स्वतः भाजून आणला होता, स्वतःच्या नवऱ्याच्या मयताला. कुणी अडवलं तर ऐकेना. डेल लहान असताना तिनेच त्याला रविवारच्या शाळेत शिकवलेलं. तिने त्याच्या बशीत पावाचे दोन तुकडे ठेवले आणि शेजारी बसली.

तिने सांगितलं की त्या सकाळी ती आणि रेइनो भांडले होते. कशावरून, तर लोकरीच्या मोज्यांवरून. ती म्हणत होती दोन जोड घाल, तो म्हणत होता एक पुरे. शेवटी ती चिडून म्हणाली, जा तसाच, आणि मरायला टेकलास तरी मला हाक मारू नकोस.

तिने डेलकडे बघितलं.

"साडेतीनपर्यंत जिवंत होता म्हणतात. डबा तर हाताशीच असतो ना रे गाडीत? दीड तास होता त्याच्याकडे, डेल. एक शब्द लिहिला नाही त्याने. माझा हुकूम पाळला. आयुष्यात पहिल्यांदाच पाळला."

डेलने पाव तोंडात घातला. बोलायला नको म्हणून.

२ फेब्रुवारी, सोमवार. सात नंबरची गाडी आवारात मोडून पडलेली. तिचा डबा डेलच्या खोलीत, झाडूंच्या मागे, तारा काढलेला. पडद्यावरची सातवी ओळ बारा दिवस कोरी होती. एक सोडून पुढच्या ओळीत जायला कर्सरला कसली अडचण? तो सहावीतून थेट आठवीत उडी मारायचा.

त्या दिवशी डेल व्हर्नाच्या मागे उभा होता.

दोन वाजून नऊ मिनिटं, छप्पन्न सेकंद...

कर्सर सातव्या ओळीत थांबला.

कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे आधी उमटलं 'ठीक'. मग लांब कोरी जागा. आणि पार उजव्या टोकाला एकच शब्द.

'मारतोय.'

चार सेकंद. मग पुसलं गेलं. स्वच्छ.

व्हर्ना चष्म्यावरून बघत राहिली. म्हणाली, "डेल, तुझा पडदा कुणाला तरी मारतोय."

डेल म्हणाला, जुना कचरा असेल. तो खोलीत गेला आणि दार लावून प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. पुसायचा हुकूम जागेवर होता. तो शब्द लिहिणारा हुकूम कुठेच नव्हता.

मंगळवारी. त्याच वेळी...

'हाक मारतोय.'

आता व्हर्ना हसली नाही. तिने खुर्ची थोडी मागे घेतली.

बुधवारी डेलने पडदाच बदलला. जुना उचलून झाडूंजवळ ठेवला, कोठारातून कोरा करकरीत आणून जोडला. खोक्यातला थर्मोकोल अजून जमिनीवर कुरकुरत होता. त्याने स्वतः कर्सरकडे बघितलं. पाचवी... सहावी...

थांबला.

'हुकूम मोडून हाक मारतोय.'

डेल जमिनीवर बसला, थर्मोकोलमध्ये. हुकूम. हा शब्द त्याने कुठे ऐकला होता ते त्याला नीट माहीत होतं. घशात वेलची आली.

व्हर्नाने वर कळवलं. गुरुवारी सकाळी अध्यक्ष आणि मंडळाचे इंजिनियर येऊन पडद्याकडे बघत बसले. मंडळाचा बैठक भत्ता तासावर होता, त्यामुळे त्यांनी घाई केली नाही. मग तातडीची सभा झाली आणि ठराव मंजूर झाला, सातवी ओळ नावाची वस्तू अस्तित्वात नाही. अंमलबजावणी म्हणून इंजिनियरने गाड्यांचे पाइप बांधायची रुपेरी चिकटपट्टी आणून काचेवर सातव्या ओळीच्या जागी आडवी चिकटवली. दोन थर. अध्यक्ष म्हणाले, विषय संपला.

दोनला सगळे पुन्हा जमले. कुणी बोलावलं नव्हतं.

छप्पन्न सेकंद...

कर्सर पट्टीमागे गेला. बाहेर आला नाही.

आणि मग अक्षरं उमटली. काचेवर नाही.

पट्टीवर.

रुपेरी पट्टीवर, हिरवी.

'आईलीला सांग, हुकूम मोडून हाक मारतोय.'

चार सेकंद. पुसलं गेल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला, टोपी घातली आणि म्हणाले की त्यांना पट्टी व्यवस्थित लागलेली दिसली. इंजिनियरने मान डोलावली. ते गेले. इतिवृत्तात नोंद आहे: 'पट्टीची पाहणी केली. समाधानकारक.'

व्हर्ना जागची हलली नव्हती.

"डेल," ती हळू म्हणाली, "मी पास्टी गरम करायला गेले होते तेव्हा काय आलं होतं?"

"मी वाचलं नाही."

"मी काय विचारलं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, पडद्याकडे बघायची तशी. मग तिने पास्टीचा डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन, त्याच्याकडे पाठ करून खायला बसली. तीस वर्षांत तिने कधी त्या खुर्चीतून उठून दुसरीकडे खाल्लं नव्हतं.

शनिवारी डेल आईलीच्या दारापर्यंत गेला. तिच्या पायऱ्यांवरचा बर्फ खणून काढला, वाट केली, आणि दार न वाजवता परत आला. रविवारी पुन्हा. बर्फ पडलेलाच नव्हता. तो स्वच्छ पायऱ्या पुन्हा स्वच्छ करून आला. पुसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

सोमवारी पट्टीवर त्याच्या डावीकडे आणखी जोडलं गेलं: 'बर्फ आत येतोय.'

मंगळवारी: 'पाय अडकलाय.'

ओळ उजवीकडून डावीकडे भरत चालली होती. न वाचलेलं पत्र त्याला शेवटाकडून, दिवसाला थोडं थोडं, वाचायला लावलं जात होतं. आता डावीकडच्या 'ठीक'मध्ये आणि 'पाय'मध्ये दोन-तीन शब्दांचीच जागा उरली होती. उद्या पूर्ण होणार.

डेलने ठरवलं, उद्या आईलीला इथेच आणायचं. तिने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं. रेइनो स्वतः सांगेल. मग आपल्याला काही बोलावं लागणार नाही.

हे त्याने मला सांगितलं तेव्हा तो कपाकडे बघत होता. म्हणाला, "बघ. तेव्हासुद्धा मी पडद्यालाच पुढे केलं."

बुधवार, ११ फेब्रुवारी. आईली आली. तपकिरी कोट, हातात पर्स, बुटांवरचा बर्फ तिने दारात व्यवस्थित झटकला. व्हर्नाने तिला आपली खुर्ची दिली. डेलने पट्टी काढून टाकली, काच पुसली.

"काय बघायचंय?" आईलीने विचारलं.

"सातवी ओळ. थोडं थांबा."

दोन वाजून नऊ मिनिटं. पन्नास. चौपन्न...

छप्पन्न.

कर्सर सातव्या ओळीत आला. थांबला.

लुकलुकला...

काहीच उमटलं नाही.

'ठीक'सुद्धा नाही.

नुसता चौकोन. दिसतोय, नाही, दिसतोय, नाही. दुसऱ्या कुणी बोलायची वाट बघावी, तसा.

चार सेकंद झाले. पाच. दहा. तो पुढे जाईना. आठव्या ओळीतली गाडी खोळंबली, नववीतली खोळंबली. घड्याळाचा काटा चालत होता, पडदा चालत नव्हता. आईलीने पडद्याकडे बघितलं, मग डेलकडे.

"डेल? इथे काही नाहीये."

व्हर्ना भिंतीला टेकून उभी होती.

डेलने तोंड उघडलं. त्याला वाटलं होतं आवाज येणार नाही. पण आला.

"पाय अडकलाय. बर्फ आत येतोय. आईलीला सांग, हुकूम मोडून हाक मारतोय."

आईली हलली नाही.

"हे त्याने लिहिलं होतं," डेल म्हणाला. "त्याच दिवशी. दोन वाजून नऊ मिनिटांनी. मी इथे बसलो होतो. मी वाचलं नाही. मीच त्याला लांबलचक लिही म्हणून सांगितलं होतं, मला पुसायचं होतं. मी पुसलं. आणि मग चौकशीत खोटं बोललो."

मग तिने पर्स मांडीवर ठेवली.

"बावीस दिवस," आईली म्हणाली.

"हो."

"बावीस दिवस मी त्याच्यावर रागावलेय. मेलेल्या माणसावर. मोज्यांवरून." तिने पर्स उघडली, आत बघितलं, बंद केली. "पुन्हा म्हण."

डेलने पुन्हा म्हटलं.

"पुन्हा."

अकरा वेळा म्हणायला लावलं तिने. अकराव्या वेळी ती ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. मग उठली, कोटाची बटणं लावली. दारापाशी थांबली.

"सुरुवात काय होती?"

"कळलं नाही. पहिले दोन-तीन शब्द उमटलेच नाहीत."

"त्याची पत्रं नावाने सुरू व्हायची," आईली म्हणाली. "कुणाला लिहितोय त्याच्या." आणि मागे न बघता निघून गेली. त्यानंतर ती डेलशी कधी बोलली नाही. पण दर नाताळला त्याच्या दारात वेलचीचा पाव ठेवलेला असायचा. ती शिक्षा होती की माफी, हे त्याला अजून समजलेलं नाही. तो पाव तो उभ्यानेच खायचा.

ती गेल्यावर कर्सर आठव्या ओळीत गेला. आपण होऊन.

सातव्या ओळीत अक्षरं पुन्हा कधी उमटली नाहीत.

डेल दुसऱ्याच दिवशी मंडळापुढे उभा राहिला आणि सगळं सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग समजावलं की संदेश नव्हता हे पाच विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालेलं आहे, एकमताचं सत्य एका माणसाच्या सांगण्याने बदलता येत नाही, आणि ज्या ओळीबद्दल तो बोलतोय ती अस्तित्वात नाही. राजीनामाही घेतला नाही. दुसरा कॉम्प्युटरवाला कुठून आणणार? उलट त्याला झाडू नसलेली खोली दिली.

एवढं होऊन गोष्ट संपायला हवी होती.

पण...

रोज दोन वाजून नऊ मिनिटं छप्पन्न सेकंदांनी कर्सर सातव्या ओळीत थांबायचा. कोरा. चार सेकंद. मग पुढे जायचा.

पुढे ते पडदे भंगारात गेले. आता कचेरीत रंगीत नकाशा आहे, गाड्या ठिपक्यांसारख्या फिरतात, ओळी नाहीत, लुकलुकणारा चौकोनही नाही. तरी त्या वेळी नकाशा चार सेकंद थिजतो. ज्यांनी तो बसवला ते म्हणतात, नेटवर्क. बरं.

डेल निवृत्त झालाय. बर्फ असो नसो, रोज दोनला तिथे जाऊन बसतो. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो होतो. नकाशा थिजला तेव्हा त्याचे ओठ हलत होते. डोळे मिटले नाहीत त्याने. चार सेकंदांनी ठिपके पुन्हा चालू लागले, तसा तो अगदी हळू म्हणाला, "त्याला माहीत होतं त्या वेळी खुर्चीत कोण बसणार ते. मीच सांगितलं होतं." थोड्या वेळाने म्हणाला, "पत्राच्या सुरुवातीचं नाव व्हर्नाचं नसणार."

आता माझ्याही फोनवर कुणाचा लांब मेसेज आला, की मी तो लगेच वाचून काढतो. शेवटपर्यंत. आईचा असला तरी.

दर वर्षी २० जानेवारीला डेल मंडळाला एक अर्ज देतो, त्याच पेनाने लिहिलेला. अडतीस अर्ज झाले. पोच मिळते, उत्तर येत नाही. मजकूर दर वर्षी तोच असतो:

'प्रति, मा. अध्यक्ष, रस्ते मंडळ, लाँगशोर काउंटी. विषय: सातव्या ओळीसमोर कर्मचारी नेमणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, दुपारी दोन वाजून नऊ मिनिटे छप्पन्न सेकंद ते दोन वाजून दहा मिनिटे या कालावधीकरिता सातव्या ओळीसमोर एक जबाबदार, वाचता येणारा कर्मचारी नेमण्यात यावा. पद बिनपगारी असावे. सदर नेमणूक दिनांक २० जानेवारी १९८७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने अमलात आणावी, ही नम्र विनंती.'